कापलेल्या तारेचा दिवा

१

तेलीबागेत जानेवारीचं धुकं उतरलं की सकाळ अशी व्हायचीच नाही. आठ वाजले हे मीनाक्षीला कळायचं ते नळाचं पाणी गेलं म्हणून. दाराबाहेर सगळं तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. त्यात रायबरेली रोडवरून ट्रक जायचे, पण दिसायचे नाहीत, नुसते ऐकू यायचे.

जयसिंगचं दुकान रोडला लागूनच होतं आणि दुकानाच्या पाठीमागे एक खोली, एक स्वयंपाकघर. जयसिंगने पंधरा वर्षं फौजेत गाड्यांचं वायरिंग केलं होतं. पेन्शन झाल्यावर खटावला परत जायचं सोडून त्याने इथेच दुकान टाकलं. काम फक्त ट्रकच्या विजेचं, आणि त्यातही नाव झालं ते मागच्या दिव्यांसाठी.

"पुढचा दिवा ड्रायव्हर आपल्यासाठी लावतो," तो म्हणायचा. "मागचा दुसऱ्यासाठी. म्हणून बघ, बंद पडलेला असतो तो मागचाच."

मागचे दिवे तपासायला दोन माणसं लागतात. एक केबिनमध्ये पायडल दाबायला, एक मागे उभं राहून सांगायला. जयसिंगने गडी ठेवला नव्हता. मागे उभी राहायची मीनाक्षी. डोक्यावरून शाल, पायात मोजे घालून चप्पल, आणि धुक्यात हरवलेल्या केबिनमधून नवऱ्याचा आवाज.

"टेल?"

"दोन्ही लागले."

"ब्रेक?"

"उजवा चांगला. डावा मंद आहे."

"इंडिकेटर?"

"डावा लुकलुकतोय, त्याच्यासंगं टेलपण लुकलुकतोय."

मग जयसिंग खाली उतरायचा, काच काढायचा, बल्बची जागा काचपेपरने घासायचा, गंजू नये म्हणून बोटभर ग्रीस लावायचा. डावा मंद म्हणजे बॉडीला टेकणारी तार गंजली, दोन दिवे एकत्र लुकलुकले म्हणजे करंट परतीची वाट चुकला, हे मीनाक्षीला आता न सांगता कळत होतं. सातवीनंतर तिने पुस्तक हातात धरलं नव्हतं, पण हे काम तिला आवडायचं. आपण नुसतं खरं काय दिसतं ते सांगायचं, आणि तेवढ्याने मागून येणाऱ्या कुणाचा तरी जीव वाचतो.

एकच काळजी होती, आणि ती रोज होती. अनघा. सहा वर्षांची, पहिलीत. शाळा रोडच्या पलीकडे, कालव्याच्या, म्हणजे इथल्या भाषेत नहरीच्या, पुलाच्या थोडी अलीकडे. धुक्यामुळे शाळेची वेळ साडेनऊ केली होती, पण साडेनऊला तरी कुठे काय दिसत होतं? पोरगी तोवर दुकानाच्या ओट्यावर आपलं दप्तर, तिच्या भाषेत बस्ता, घेऊन बसायची, आणि मीनाक्षी ट्रकच्या मागून दिवे सांगता सांगता दर दोन वाक्यांनी हाक मारायची, "अने, आहेस ना गं?"

"हाँ मम्मी, यहीं हूँ." पोरीला मराठी सगळं कळायचं. उत्तर यायचं ते हिंदीतच.

२

मधुसूदन तिवारी विटा वाहायचा. पन्नाशीचा माणूस, गाडी स्वतःची आणि चालवायचा स्वतःच. गाडी म्हणजे फौजेच्या लिलावातून घेतलेला जुना ट्रक. हिरव्या रंगावर त्याने निळा रंग मारला होता, पण ओरखडे उठले की खालून हिरवा डोकावायचा.

त्या दिवशी तो आला आणि नेहमीसारखा हॉर्न न वाजवता गाडी अंगणात लावून उतरला.

"जयसिंग भाई, पहले चाय पिलाओ. फिर देखकर बताना, पागल मैं हूँ कि गाड़ी."

"गाडी तर ठीक दिसते," जयसिंग हसून मीनाक्षीला म्हणाला. मग त्याला, "बोलो पंडितजी."

मधुसूदनने चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. "कोहरे में लोग ट्रक की बत्ती पकड़कर पीछे-पीछे चलते हैं. सबके पीछे चलते हैं, मेरे भी. ठीक? मैं बीच सड़क पर. पुल आया, मैं पुल पर चढ़ा. पीछेवाला नहीं चढ़ा."

"मग कुठं गेला?" मीनाक्षीच्या तोंडून निघालं.

मराठी त्याला कळली नाही, पण प्रश्न कळला. "सीधा नहर में, भाभीजी. पिछले महीने एक जीप. परसों एक मोटरसाइकिल." त्याने ग्लास खाली ठेवला. "जीपवाला बच गया. मैं अस्पताल गया. पूछा, भैया, मेरी लाल बत्ती नहीं दिखी? बोला, मैं तो बत्ती के पीछे ही गया था. नीचेवाली. सफ़ेद." तो जयसिंगकडे बघत राहिला. "मेरी गाड़ी में पीछे सफ़ेद बत्ती है ही नहीं."

जयसिंग टॉर्च घेऊन ट्रकखाली वाकला आणि मोठ्याने हसला.

"मीना, इकडं ये. बघ."

मागच्या चाकांच्या मध्ये आसावर लोखंडाचा मोठा गोळा असतो, तो पांढऱ्या रंगाने रंगवलेला होता. रंग जुना, पिवळट. त्याच्या वर बॉडीच्या खाली एक छोटा दिवा, टोपी घातल्यासारखा झाकलेला, तोंड गोळ्याकडे.

"कॉन्व्हॉय लाइट," तो म्हणाला. "फौजेच्या गाड्या अंधारात ओळीनं जातात ना, तेव्हा बाकीचे दिवे बंद. फक्त हा. वरून विमानाला दिसत नाही, लांबून दिसत नाही, फक्त मागच्याला दिसतो. मागच्यानं तेवढा गोळा बघायचा. इकडंतिकडं बघायचं नाही, डोकं चालवायचं नाही. गोळा डावीकडं गेला की आपण डावीकडं."

"मग तो लागत असणार."

"कसा लागंल? तार बघ."

तार दिव्यापासून वीतभर अंतरावर कापलेली होती. कापलेलं टोक काळं पडलं होतं. जयसिंगने दिव्याची टोपी उघडली. आत बल्ब नव्हता. कोळ्याचं जाळं होतं.

"अर्थिंग खराब आहे," त्याने निकाल देऊन टाकला. "करंट नको तिथं शिरतो. तू बघतेस ना रोज?"

"पण बल्बच नाही की."

"आगं, सातवीत तुम्हाला विजेचा धडा नव्हता का?"

"होता. बल्ब लागायला बल्ब पाहिजे, असं होतं त्याच्यात."

मधुसूदनला काही समजलं नाही, पण जयसिंग हसतोय म्हणून तोही हसला. फार थोडं.

३

अर्थिंगच्या तारा नव्या घातल्या, काचा पुसल्या, आणि जयसिंग केबिनमध्ये चढला. मधुसूदन त्याच्या शेजारी बसला. मीनाक्षी मागे जाऊन उभी राहिली.

"टेल?"

"दोन्ही."

"ब्रेक?"

"दोन्ही, चांगले."

"नंबरप्लेट?"

नंबरप्लेटचा दिवा बघायला तिची नजर खाली आली, आणि आणखी खाली गेली.

गोळा उजळला होता.

झगझगीत नव्हता. फडताळात एखादी चिनीमातीची बशी दिसावी तसा, शांत. त्याच्याकडे बघायला बरं वाटत होतं. धुकं नव्हतं, थंडी नव्हती, अनघा ओट्यावर आहे का नाही ही रोजची टोचणीसुद्धा नव्हती. किती दिवसांनी डोक्यात काही नव्हतं.

"मीना! नंबरप्लेट! तीनदा विचारलं!"

ती दचकली. तिचा गुडघा ट्रकच्या मागच्या लोखंडी पट्टीला टेकलेला होता. ती उभी राहिली होती ती जागा पाच पावलं मागे होती. आपण कधी चाललो हे तिला आठवेना.

आणि ती थांबली तेव्हा तिच्या पाठीमागे पावलं थांबली. एक नाही, बरीच. शाळेत प्रार्थनेनंतर वर्गात जाताना रांग एकदम थांबते, एकाचा पाय दुसऱ्याच्या टाचेवर पडतो, तसा आवाज.

तिने मान वळवली. मागे धुकं होतं.

"अने?"

"यहीं हूँ मम्मी." आवाज ओट्यावरूनच आला. बाजूने. मागून नाही.

जयसिंग खाली आला तेव्हा गोळा नेहमीसारखा पिवळट, विझलेला होता. तिने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि चेष्टा केली नाही. धंद्याचा माणूस होता, गिऱ्हाइकाच्या मनात शंका ठेवायची नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने तो छोटा दिवाच उचकटून काढला आणि भंगाराच्या डब्यात टाकला. गोळ्यावर काळ्या रंगाचे दोन हात मारले.

"लो पंडितजी. अब न बत्ती, न गोला. कोई क्या पकड़ेगा?"

मधुसूदनने हात जोडले आणि गाडी काढली. लाल दिवे धुक्यात विरघळले. इंजिनाचा आवाज पुलाकडे गेला, बारीक झाला, संपला.

त्याच्या मागोमाग अंगणातली पावलं निघाली होती. मीनाक्षीने ती ऐकली. आठ-दहा पावलं गेली असतील. मग अडखळली, थबकली, एकमेकांवर आदळली. पुढचा माणूस गर्दीत दिसेनासा झाला की माणसं जशी करतात, तशी.

आणि हळूहळू माघारी आली.

४

त्या दिवसापासून भिंतीचा आवाज सुरू झाला.

खोलीच्या मागच्या भिंतीला बाहेरून काहीतरी घासत जायचं. कापड विटेवर घासावं तसं. एकदा घासून थांबायचं नाही. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जायचं, मग वळून बाजूच्या भिंतीला, मग पुढे दुकानाच्या शटरला, तिथे पत्र्यावर बारीक खरखर, आणि पुन्हा मागे. मीनाक्षी दुपारी तांदूळ निवडत बसली की तिच्या पाठीमागून जायचं. धुकं असेल तेवढा वेळ. ऊन पडलं की बंद, पण ऊन पडतच कुठे होतं?

"धुक्यात माणसं भिंत धरून चालतात," जयसिंग म्हणाला.

"घराला गोल?"

"चुकली असतील."

घरमालकीण चंद्रप्रभा चाची शेजारच्याच घरात राहायची. मीनाक्षीने तिला विचारलं. चाची मटार सोलत होती.

"हमने तो कुछ नहीं सुना, बहू. तुम दोनों सुबह-सुबह 'टेल-ब्रेक, टेल-ब्रेक' चिल्लाते हो, उसके बाद हमारे कान में और कुछ सुनने की जगह बचती है?"

मीनाक्षी हसली, परत आली आणि घराला बाहेरून एक फेरी मारली. सगळी भिंत दवाने भिजलेली होती. फक्त खांद्याच्या उंचीला एक पट्टा कोरडा होता. पुसून काढल्यासारखा, सलग, घराच्या चारी बाजूंनी. त्याच्या खाली, कमरेच्या उंचीला, दुसरा एक पट्टा होता. अरुंद.

तिने जयसिंगला हाताला धरून आणून दाखवलं.

"म्हैस," तो म्हणाला.

"दोन?"

"म्हैस आणि रेडकू." पण त्याने वळताना एकदा धुक्याकडे बघितलं, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

संध्याकाळी त्याने अनघाचा बस्ता मागून घेतला. ट्रकच्या मागे लावतात तसे दोन लाल रिफ्लेक्टर त्याने बस्त्यावर पक्के बसवले. टॉर्च मारून दाखवली. दोन लाल डोळे चमकले आणि पोरगी टाळ्या पिटायला लागली.

"आता शंभर ट्रक येऊ देत," जयसिंग म्हणाला. "माझी गाडी मागून दिसली पाहिजे."

५

दुसऱ्या दिवशी मीनाक्षी अनघाला सोडायला निघाली. पोरीचा हात तिने इतका घट्ट धरला की पोरगी दोनदा म्हणाली, "मम्मी, दुख रहा है."

अंगणातून बाहेर पडल्याबरोबर भिंतीचा आवाज थांबला. रोडच्या कडेने वीस पावलं गेल्यावर मागे पावलांचा आवाज आला.

धुक्यात आवाज फसवतो. आपलीच चप्पल कुठल्या तरी भिंतीवर आपटून परत येते. मीनाक्षीने स्वतःला हे समजावलं आणि थांबली. मागची पावलंही थांबली. आपलाच आवाज असता तर तो आपल्याबरोबर थांबला असता. हा नंतर थांबत होता. एकामागून एक. जवळचा आधी, लांबचा मग, त्याच्याही लांबचा त्यानंतर. शेवटचा कुठे थांबला ते तिला ऐकूच आलं नाही.

ती चालायला लागली. वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं नव्हतं. मान वळत नव्हती, एवढंच.

शाळेच्या फाटकाशी अनघाने हात सोडवून घेतला. वळली. आईकडे बघितलंच नाही. आईच्या कमरेच्या बाजूने मागे बघत तिने बाईंसारखा हात केला, तळवा खाली.

"बैठ जाओ," ती म्हणाली.

"कुणाला म्हणालीस?"

"उनको. छुट्टी तक खड़े रहेंगे तो थक जाएँगे ना."

मीनाक्षी पोरीसमोर खाली बसली. दोन्ही खांदे धरले. आवाज होता होईतो साधा ठेवला. "कोण आहेत ते?"

"पता नहीं. सिर नीचे रखते हैं."

"तुला काय म्हणतात?"

"कुछ नहीं. उनको दिखता नहीं है, मम्मी. बस मेरा बस्ता दिखता है."

"किती आहेत?"

अनघा विचारात पडली. ओठ हलवून तिने मोजल्यासारखं केलं आणि मग शरमून म्हणाली, "मुझे सौ तक ही आता है."

६

घरी आल्यावर मीनाक्षी स्वयंपाकघरात रडली आणि चार वाजता छुट्टी व्हायच्या आधीच जाऊन पोरीला घेऊन आली. येताना बस्ता शालीखाली झाकला. आल्या आल्या स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन्ही रिफ्लेक्टर काढून टाकले.

जयसिंग भडकला. "डोकं फिरलंय का तुझं? ट्रकवाल्याला पोरगी दिसणार कशी?"

"ट्रकवाल्याला दिसू नये असं नाही मला वाटत."

"मग कुणाला?"

तिने काढलेले रिफ्लेक्टर फडताळात टाकले. बोलून काय बोलणार? बस्त्यावर दिवा ठेवला तर ते मागे येतात, काढला तर ट्रक अंगावर येतो. तिने दोन दिवस पोरीला शाळेतच पाठवलं नाही. तर आवाज भिंतीवरून दाराशी आला. दाराच्या फळीला काहीतरी टेकून उभं राहायचं. नुसतं टेकून. फळी आत दबायची आणि कडी एकदा कुरकुरायची. जयसिंग दार उघडायचा, आणि दारात धुकं असायचं.

"ओलीनं लाकूड फुगतं," तो म्हणायचा. पण आता तो मीनाक्षीकडे न बघता म्हणायचा. रविवारी मोठ्या डॉक्टरकडे जाऊ असंही म्हणाला. कुणाला दाखवायचं ते म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीनाक्षी अनघाच्या केसांना तेल लावत होती, तेव्हा पोरगी आपणहून बोलली. भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मम्मी, वो पूछते हैं आगे कब चलेंगे."

मीनाक्षीचा हात थांबला. "कालपर्यंत तर बोलत नव्हते."

"अब बोलते हैं. सामनेवाली गाड़ी चली गई ना, तो वो अटक गए हैं." पोरीने मान वर करून आईकडे बघितलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. वर्गातल्या लहान मुलीला पाणी पाजून आणल्यावर असते तशी कौतुकाची वाट बघणारी ऐट होती. "मैंने बोल दिया, कल छोड़ आऊँगी. बस नहर तक. वहाँ से उनको रास्ता आता है."

"तू हो म्हणालीस?"

"हाँ बोल दिया. अब ना थोड़ी बोल सकते हैं."

तेलाची वाटी लवंडली. मीनाक्षीने ती उचललीसुद्धा नाही. पोरीला छातीशी धरून ती बसून राहिली, आणि डोकं एकाच गोष्टीवर येऊन थांबत होतं. त्यांच्या पुढचा दिवा काढून घेतला तो आपण. आपल्या अंगणात. त्यांना पुढे काहीतरी पाहिजे. ते अनघा नको. एवढंच. बाकी काहीही चालेल.

काहीही, असं ती मनात म्हणाली तेव्हा मधुसूदनचा तो जीपवाला तिला आठवला. आणि मोटरसायकलवाला, जो वाचला नव्हता. तिने त्यांना मनातून बाजूला केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला हे जमलं.

७

सकाळी धुकं इतकं दाट होतं की ओट्यावरून अंगण दिसत नव्हतं. अनघाला तिने खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. साडेआठला मधुसूदनच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्याने आदल्याच आठवड्यात निरोप ठेवला होता, उजवा इंडिकेटर अडतोय म्हणून.

"जयसिंग भाई, कमाल कर दिया! दस दिन में कोई पीछे नहीं गिरा." त्याने मिठाईचा डबा आणला होता. "भाभीजी, पहला लड्डू बिटिया का."

मीनाक्षीने डबा घेतला. त्याच्या डोळ्यांत तिला बघता आलं नाही.

जयसिंगने इंडिकेटर उघडला तेवढ्या वेळात तिने भंगाराच्या डब्यातून तो छोटा दिवा काढून घेतला. रात्रीच तिने तो घासून परत तिथेच ठेवला होता, बल्बही बसवला होता. शालीखाली दिवा, हातभर तार, चिकटपट्टी, आणि नंबर रंगवायच्या पांढऱ्या रंगाची डबी.

"चल मीना, शेवटचं बघून घे," म्हणत जयसिंग केबिनमध्ये चढला. मधुसूदन त्याच्या शेजारी.

ती मागे गेली आणि ट्रकखाली शिरली.

"टेल?"

"दोन्ही लागले!" तिने न बघता सांगितलं. पहिल्यांदाच. चिखल पाठीला थंडगार लागत होता. दिवा त्याच्या जुन्या जागी बसवून तिने तारेने आवळला.

"ब्रेक?"

"चांगले आहेत!" तिने टेलच्या तारेचं कातडं दातांनी सोललं, आपली तार गुंडाळली, वर चिकटपट्टी.

"आवाज खालून कसा येतोय गं?"

"वाकून बघते ना! चिखल उडालाय काचेवर!"

रंगाची डबी उघडली. ब्रश नव्हता. तिने तळहातानेच गोळ्याला पांढरा रंग फासला. काळ्यावर पांढरा.

"इंडिकेटर?"

"लागले!"

दिवा लागला. गोळा उजळला. ओला रंग चमकला. तिने डोळे मिटून घेतले आणि मान फिरवली, कारण त्याच्याकडे बघायचं नाही हे तिला माहीत होतं.

डोळे उघडले तेव्हा तिचं तोंड ट्रकच्या मागच्या बाजूला होतं. ट्रकखालून जमिनीलगत हातभर उंचीची फट दिसत होती, आणि तिथे धुकं पातळ होतं.

पाय होते.

ओळीने. बोटं ट्रककडे. पहिल्या ओळीत काही बुटांतले, काही अनवाणी. एका पायात मोटरसायकलवाले घालतात तसा जाड बूट, आणि दुसऱ्या पायात नाही. घोट्यांना हिरवं काहीतरी गुंडाळलं होतं, पाण्यातलं. त्यांच्या मागे आणखी पाय. त्याच्या मागे आणखी. सगळे न हलता उभे, फक्त बोटं किंचित उचललेली, आता निघायचं आहे म्हणून.

आणि पहिल्या ओळीच्याही पुढे, ट्रकच्या अगदी जवळ, दोन काळे शाळेचे बूट. पांढरे मोजे. एक मोजा घसरलेला.

"बहू!" लांबून चंद्रप्रभा चाचीचा चिडका आवाज आला. "बच्ची को कोई बंद करता है क्या? रो-रोकर आधी हो गई थी, हमने खोल दिया!"

"सगळं बरोबर ना, मीना?" केबिनमधून जयसिंग. "मी उतरतो. पंडितजी निघतायत."

तिने उत्तर द्यायच्या आधीच केबिनचं दार उघडून बंद झालं. इंजिन घरघरलं. गोळा हलला. आणि ते सगळे पाय एकदम, एकाच वेळी, पहिलं पाऊल उचलून पुढे आले. काळे बूटही.

मीनाक्षीने हात लांब केला आणि घसरलेल्या मोज्यासकट तो घोटा पकडला.

चाकांच्या मध्ये पडलेल्या तिच्यावरून ट्रक पुढे निघून गेला. मग पाय. तिने तोंड चिखलात खुपसलं. ते तिच्या दोन्ही बाजूंनी गेले, सावकाश, कुणाची घाई नाही, कापड घासल्याचा आवाज, पाण्याचा वास. घोट्याला ओढ बसत होती. बारीकशी, पण थांबत नव्हती. मीनाक्षीने दुसराही हात त्यावर घट्ट आवळला. किती वेळ, ते तिला कळलं नाही. सौच्या पुढे ती मोजत गेली होती, आणि मग तिनेही सोडून दिलं.

"मम्मी, पैर छोड़ो," वरून रडका आवाज आला. "सब चले गए. गाड़ी निकल गई."

तिने डोळे वर केले. अनघा होती. नाक वाहत होतं, केस विस्कटलेले. अंगणात दुसरं कुणी नव्हतं, जयसिंगच्या हत्यारांचा आवाज दुकानातून येत होता. धुक्यात लांब पुलाच्या दिशेने दोन लाल ठिपके चालले होते, आणि त्यांच्या खाली, मधोमध, एक पांढरा.

तेवढ्यात रोडवर एक स्कूटर येऊन थांबली. चार-पाच हातांवर, पण धुक्यात नुसता आकार. पुरुष, मागे बायको, दोघांच्या मध्ये लहान मूल, टोपी घातलेलं. इंजिन फटफटत होतं.

"कुछ दिख नहीं रहा," पुरुष म्हणाला. "रुक जाएँ?"

"वो देखो," बायकोचा आवाज आला. किती हायसं वाटलं होतं त्या आवाजाला. "आगे बत्ती है. उसी के पीछे लग लो."

मीनाक्षीने तोंड उघडलं. घोटा अजून तिच्या हातांत होता, आणि तो अजून, अगदी हलकेच, पुढे ओढत होता.

दिव्याचं सांगितलं तर तो पुन्हा निघणार, आणि ते माघारी येणार. तिने तोंड मिटलं. स्कूटर निघाली.